'कॅट इन द रेन'ची प्रतीकवही : एका कथावाचनाच्या प्रकल्प नोंदी

८ जून

आमच्या वाचनगटाने यंदा एकच कथा हाती घेऊन तिच्यातली प्रतीके अगदी तळापर्यंत तपासायची, असे ठरवले आणि त्यासाठी अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'कॅट इन द रेन' ही कथा निवडली. ती १९२५ साली 'इन अवर टाइम' या संग्रहात प्रसिद्ध झाली. कथा इतकी लहान आहे की एका बैठकीत दोनदा वाचून होते. इटलीतल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात अमेरिकन नवरा-बायको उतरले आहेत आणि बाहेर पाऊस लागला आहे. खिडकीतून तिला बागेतल्या टेबलाखाली अंग चोरून बसलेले एक मांजर दिसते. ते आणायला ती खाली जाते, पण तोवर मांजर तिथून गेलेले असते. ती खोलीत परतते, आपल्याला काय काय हवे आहे ते नवऱ्याला सांगते, तो पुस्तक वाचत राहतो आणि अखेरीस हॉटेलमालकाने पाठवलेली मोलकरीण एक मांजर घेऊन दारात उभी राहते.

कथेत भांडण म्हणावे असे काही होत नाही, कोणी कोणावर आरोप करत नाही, तरीही या दोघांत किती अंतर पडले आहे हे वाचकाला पक्के कळते. हे कळणे नेमके कुठल्या वस्तूंच्या आधाराने घडते, ते ओळीवर बोट ठेवून दाखवता यावे, एवढाच या वहीचा हेतू आहे. पुढे कोणी अशीच वही करणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

पहिले काम यांत्रिक होते. कथा मोठ्या टाइपात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून, कागदाच्या एकाच बाजूला छापून घेतली आणि प्रत्येक ओळीला क्रमांक दिला. हे क्रमांक घालायला कंटाळा येतो, पण ते टाळू नयेत. चर्चेत 'ते कुठेतरी सुरुवातीला आहे' असे म्हणत पाने चाळण्यात जो वेळ जातो, तो या क्रमांकांमुळे पूर्ण वाचतो.

११ जून

पहिला तक्ता दोन रकान्यांचा केला : वस्तू आणि अर्थ. पाऊस म्हणजे उदासी, मांजर म्हणजे मूल, पुस्तक म्हणजे दुर्लक्ष, आरसा म्हणजे स्वतःची ओळख, चांदीचे काटे-चमचे म्हणजे घर. तक्ता एका बैठकीत भरून झाला. तो रद्द केला आहे, आणि का रद्द केला ते सविस्तर लिहितो, कारण अशा कामात सगळेच जण याच तक्त्यापासून सुरुवात करतात.

एक तर हा तक्ता भरल्यावर पुन्हा कथेकडे जाण्याची गरजच उरत नाही. 'मांजर म्हणजे मूल' असे एकदा लिहिले की मांजर टेबलाखाली का आहे, थेंब अंगावर पडू नयेत म्हणून ते अंग का आवळून घेते, ती त्याला 'बिचारे' का म्हणते, हे सगळे निरर्थक तपशील होऊन बसतात. वास्तविक कथा त्या तपशिलांचीच बनलेली आहे. दुसरे असे की एकाच वस्तूला एकच अर्थ पुरत नाही. बायकोच्या लेखी पाऊस म्हणजे ज्यापासून कोणाला तरी वाचवायचे ती गोष्ट, हॉटेलमालकाच्या लेखी तो पाहुण्यांची सेवा करण्याचे निमित्त, तर समुद्राच्या वर्णनात तो नुसती लय आहे : लाट लांब रेषेत फुटते, मागे ओसरते, पुन्हा वर येते आणि पुन्हा तशीच फुटते. या तिन्हींवर 'उदासी' असा एकच शिक्का मारला तर कथा गरीब होते. तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटली. मांजर म्हणजे मूल असेल, तर तिच्या मागण्यांमधल्या मेणबत्त्यांचे आणि नव्या कपड्यांचे काय करायचे?

१४ जून

नवा तक्ता क्रियापदांवर उभा केला आहे. रकाने असे : वस्तू कोणती, ती कोण पाहते, तिला कोण हात लावते, ती कोणाकडून कोणाकडे जाते, कथेच्या आरंभी ती कशी आहे आणि शेवटी कशी. 'अर्थ' हा रकाना अगदी शेवटी ठेवला असून बाकीचे सगळे रकाने भरल्याखेरीज त्यात काही लिहायचे नाही, असा नियम केला आहे.

या तक्त्याने पहिल्याच ओळीत फळ दिले. मांजर : शेवटचा प्रसंग सोडला तर पाहते फक्त बायको. नवरा पलंगावरून उठून खिडकीशी जात नाही, मोलकरणीला तर पावसात मांजर असेल याचेच हसू येते. हात लावते : शेवटपर्यंत कोणीच नाही आणि शेवटी मोलकरीण. म्हणजे ज्या बाईला मांडीवर मांजर हवे आहे, कुरवाळल्यावर त्याची गुरगुर ऐकायची आहे, तिचा हात संपूर्ण कथेत मांजराला एकदाही लागत नाही. दारात आलेले मांजरही मोलकरणीच्याच अंगाशी घट्ट धरलेले आहे आणि कथा तिथेच थांबते. मी ही कथा कितीतरी वेळा वाचली आहे, पण 'हात' या रकान्यात लिहायला बसल्यावाचून ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. या शोधाचा मला मनापासून आनंद झाला, कारण इथे कोणताही अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. जे आहे ते ओळींतच आहे.

१९ जून

आज पुस्तक आणि पलंग या दोन ओळींवर काम केले. ठरवले होते त्यापेक्षा खूप अधिक वेळ लागला, पण तो सत्कारणी लागला.

सुरुवातीच्या एका प्रसंगाची नोंद जशीच्या तशी देतो. ती म्हणते की मी खाली जाऊन ते मांजर घेऊन येते. नवरा म्हणतो, मी आणतो. ती म्हणते, नको, मीच आणते. यानंतर नवरा वाचू लागतो असे कथा म्हणत नाही. तो वाचत राहिला असे म्हणते. पलंगाच्या पायथ्याकडे दोन उशांना टेकून तो पडलेला आहे आणि मदतीचा प्रस्ताव मांडताना त्याच्या शरीराची जराही हालचाल झालेली नाही. पाठोपाठ तो तिला भिजू नकोस असे सांगतो. 'कोणाकडून कोणाकडे' या रकान्यात इथे लिहिण्यासारखे काही नाही, कारण त्याच्याकडून तिच्याकडे शब्दांखेरीज काहीच जात नाही.

त्यानंतर पुस्तकावरून त्याची नजर केव्हा केव्हा हलते, तेवढ्याच ओळी अधोरेखित केल्या. ती परत आल्यावर तो मांजराची चौकशी करतो, पण वाचून थकलेल्या डोळ्यांना विसावा देता देता. मग ती हातआरशात स्वतःला न्याहाळू लागते आणि केस वाढवावेत का असे विचारते. तो मान वर करतो आणि त्याला तिची मुलासारखे केस कापलेली मानेची मागची बाजू दिसते. मला हे असेच आवडते, असे तो म्हणतो. या वेळी ती बोलू लागल्यापासून त्याने तिच्यावरची नजर काढलेली नाही, असे कथेत स्पष्ट लिहिलेले आहे. पुढे तिच्या मागण्या वाढतात तेव्हा गप्प बस आणि काहीतरी वाचायला घे, असे म्हणून तो पुन्हा पुस्तकात जातो. शेवटी दार वाजते तेव्हा तो वर पाहतो.

'पुस्तक म्हणजे दुर्लक्ष' हे समीकरण इथे कोसळते. त्याचे तिच्याकडे लक्ष जाते, पण ती दिसायला कशी आहे याच्याकडे जाते; तिला काय हवे आहे ते ऐकण्याची वेळ आली की पुस्तक आडवे येते. शिवाय आपल्यासारखे पुस्तक तिनेही हातात घ्यावे, हाच त्याला सुचलेला उपाय आहे. हा फरक लहान दिसतो, पण या संसाराचे दुखणे मला यातच दिसते.

२३ जून

हॉटेलमालक आणि छत्री.

ती जिना उतरून खाली येते तेव्हा मालक उठून तिला लवून अभिवादन करतो. पाठोपाठची काही वाक्ये एकाच साच्यातली आहेत : तिला तो आवडला, तक्रार ऐकून घेण्याची त्याची गंभीर रीत आवडली, त्याची प्रतिष्ठा आवडली, आपली सेवा करण्याची त्याची इच्छा आवडली, त्याचा वयस्क जड चेहरा आणि मोठाले हात आवडले. इतकी सलग आवड कथेत दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेली नाही. ती दार उघडून पावसाकडे पाहत असतानाच मागून कोणीतरी तिच्या डोक्यावर छत्री उघडते. ती मोलकरीण असते आणि अर्थातच मालकाने पाठवलेली असते.

ही ओळ नवऱ्याच्या ओळीशेजारी ठेवली की दोन्ही एकमेकींना उजळतात. भिजू नकोस हे दोघांनाही म्हणायचे आहे. नवऱ्याने ते तोंडाने म्हटले, मालकाने छत्री धाडली. गटातल्या एका सदस्याने मालकाच्या पुढे 'पित्याची प्रतिमा' असे लिहून ठेवले होते. ते खोडले, कारण तसे लिहिल्याने छत्रीबद्दल नवे काहीच कळत नव्हते. त्याऐवजी परतताना मालकाने पुन्हा अभिवादन केल्यावर तिला काय वाटते ते लिहिले : आपण आत कुठेतरी अगदी लहान आणि आवळलेले आहोत, आणि त्याच वेळी क्षणभर फार महत्त्वाचेही आहोत. टेबलाखाली अंग आवळून बसलेल्या मांजराची ओळ या वाक्यापासून बाणाने जोडली आहे. संपूर्ण वहीत मी स्वतः काढलेला हा एकच बाण आहे आणि तो मला पूर्ण खात्रीचा वाटतो.

२६ जून

युद्धस्मारक, बाग, चौक. ब्राँझचे स्मारक पावसात चमकते. चांगल्या हवेत तिथे चित्रकार येतात, इटालियन लोक लांबून ते पाहायला येतात, आज मात्र कोणीच नाही. नोंद तेवढीच ठेवली. पहिल्या महायुद्धावर स्वतंत्र पान लिहायला घेतले होते, पण ते कथेपासून दूर जाऊ लागले तेव्हा बाजूला काढले.

३० जून

मागण्यांची यादी. यात क्रम फार महत्त्वाचा आहे, म्हणून प्रत्येक मागणी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्या टेबलावर कथेतल्या क्रमाने मांडल्या : केस मागे घट्ट ओढून बांधलेला मोठा आंबाडा, मांडीवर मांजर, स्वतःच्या चांदीच्या काट्या-चमच्यांनी जेवण, मेणबत्त्या, वसंत ऋतू, आरशासमोर बसून केस विंचरणे, पुन्हा मांजर, नवे कपडे.

चिठ्ठ्या समोर ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की सुरुवातीच्या दोन्ही मागण्या स्पर्शाच्या आहेत. आंबाडा नुसता दिसायला नको, तो मागे हाताला लागला पाहिजे असे ती म्हणते. मांजर कुरवाळल्यावर गुरगुरले पाहिजे असे म्हणते. ज्या खोलीत कोणी कोणाला हात लावत नाही, त्या खोलीत या मागण्या उच्चारल्या जात आहेत. दुसरी गोष्ट 'स्वतःच्या' या शब्दाची. हॉटेलातले टेबल, पलंग, आरसा, छत्री, सगळे दुसऱ्याचे आहे आणि म्हणून यादीत घराची हौस येते. पण मधोमध वसंत आहे, जो कोणी कोणाला आणून देऊ शकत नाही. देता येण्यासारख्या वस्तू आणि देता न येणारी गोष्ट ती एका दमात मागते, आणि इथेच ही यादी खरेदीची यादी राहत नाही.

चिठ्ठ्यांचा हा प्रयोग कोणीही जरूर करावा. कागदावर ओळीने लिहिलेली यादी डोळ्यांखालून सहज निसटते. चिठ्ठ्या हलवून क्रम बदलून पाहिला की मूळ क्रमाचे बळ जाणवते. वसंताची चिठ्ठी शेवटी नेऊन पाहिली तर सगळी मागणी लगेच काव्यमय आणि गुळगुळीत झाली.

६ जुलै

समीक्षकांकडे मुद्दाम उशिरा वळलो. कार्लोस बेकर यांनी या मांजरात सुखवस्तू गृहस्थी जीवनाची ओढ पाहिली. जॉन हॅगोपियन यांनी १९६२ साली लिहिलेल्या लेखात अपत्यहीनतेचा मुद्दा पुढे आणला आणि रिकाम्या चौकातून बिनबाह्यांचा रबरी रेनकोट घालून जाणाऱ्या माणसाचा संबंध थेट संततिनियमनाशी जोडला. डेव्हिड लॉज यांनी १९८० सालच्या आपल्या लेखात हे सगळे पुन्हा तपासले आणि ती अपत्यासाठी झुरते आहे की आधीच गर्भवती आहे, या दोन्ही अर्थांना कथा वाव देते पण निवाडा करत नाही, असे दाखवले.

रबरी रेनकोटाची ओळ तक्त्यात घालून पाहिली. पाहते : बायको. हात : कोणाचाही नाही. कोणाकडून कोणाकडे : कुठेच नाही, तो माणूस चौक ओलांडून कॅफेकडे जातो. बदल : काही नाही. पावसात माणसे रेनकोट घालतात, यापलीकडे या ओळीत आधार मिळाला नाही, म्हणून ती वहीत ठेवली पण 'अर्थ' कोरा ठेवला. हॅगोपियन यांचा अपत्याचा मुद्दा मात्र मी फेकून देत नाही. मांडीवरचे मांजर ही ओळ त्याला बळ देते. माझा आक्षेप आहे तो मूल हा एकच अर्थ धरून बाकीच्या यादीवर झाकण घालण्याला.

९ जुलै

लेखकाच्या चरित्रात काही संध्याकाळी गेल्या. १९२३ च्या आरंभी हेमिंग्वे आणि त्यांची पत्नी हॅडली इटलीत रापालो येथे होते, त्या वेळी हॅडली गरोदर होत्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा मुलगा टोरांटोला जन्मला. हे वाचल्यावर कथेतली बायको म्हणजे हॅडलीच, असे मानण्याचा मोह होतो. पण ही कथा हॅडलींविषयी नाही, असे स्वतः हेमिंग्वे यांनी आपले लेखकमित्र एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांना पत्रातून कळवले होते. लेखकाचे म्हणणे अखेरचे मानावे असा माझा आग्रह नाही. तरी चरित्राने तक्त्यातला एकही रकाना भरला नाही, हेही खरे. ते पान वहीच्या शेवटी वेगळे लावले आहे.

१३ जुलै

शेवटचे मांजर तेच की दुसरे, हा प्रश्न. खिडकीतून दिसलेले मांजर लहानसे, बिचारे, भिजू नये म्हणून आक्रसलेले वाटते. मोलकरणीने आणलेले मांजर मोठे आहे, काळ्या-तांबूस चट्ट्यांचे आहे आणि तिच्या अंगावरून खाली लोंबते आहे. आकारावरून ते दुसरे वाटते, पण पहिल्या मांजराचा रंग कथेत कुठेच सांगितलेला नाही.

इथे लॉज यांचे निरीक्षण फार मोलाचे ठरले. शेवटच्या प्रसंगात दार वाजते, आत या असे जॉर्ज, म्हणजे नवरा, म्हणतो, पुस्तकातून वर पाहणाराही जॉर्जच आहे. म्हणजे दारातले मांजर आपल्याला त्याच्या नजरेने दिसते, आणि त्याने खिडकीतले मांजर पाहिलेलेच नाही. ज्या एका व्यक्तीला ओळख पटवता आली असती, तिच्याकडून कथा अखेरच्या क्षणी नजर काढून घेते. याचा पडताळा आमच्या तक्त्यातही मिळाला : 'कोण पाहते' या रकान्यात मांजरापुढे कथाभर 'बायको' आहे आणि अगदी शेवटी 'जॉर्ज'. जाता जाता आणखी एक नोंद केली. ती वर परतेपर्यंत तो नुसता 'नवरा' आहे, त्यानंतर त्याला नाव मिळते. तिला मात्र शेवटपर्यंत नाव नाही.

१८ जुलै

गटासमोर वही मांडली. सर्वांत जोरदार हरकत जॉर्जच्या बाजूने आली. एका ज्येष्ठ सदस्य ताईंचे म्हणणे असे की पावसात अडकलेल्या माणसाने पुस्तक वाचले तर त्याचा गुन्हा काय. ती दर क्षणाला नवे काही मागते, तो निदान तिचे कौतुक तरी करतो. हरकत रास्त होती. त्यावर केस कापण्याच्या मुद्द्याची ओळ पुन्हा वाचली. मुलासारखे दिसण्याचा कंटाळा आला असे ती म्हणते आणि तो उत्तरादाखल तिच्या दिसण्याचीच स्तुती करतो. स्तुती खरी आहे, मनापासून आहे, आणि बायकोने सांगितलेल्या गोष्टीशी त्या स्तुतीचा काही संबंध नाही. ताईंना हे पटले, पण 'पुस्तक' या ओळीच्या अर्थात आम्ही ठेवलेला 'बेपर्वाई' हा शब्द काढावा असे त्यांनी सुचवले. तो काढला. तिथे आता 'तो पाहतो, ऐकत नाही' असे लिहिले आहे.

२२ जुलै

वही पक्की केली. हे काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून अंतिम स्थिती लिहून ठेवतो. 'हात' आणि 'कोणाकडून कोणाकडे' हे दोन रकाने सर्वांत कामाचे ठरले, म्हणून ते आता वस्तूच्या लगेच शेजारी घेतले आहेत. नवरा-बायकोच्या ताणाची कथा असेल तर हे रकाने आधी भरावेत. अशा कथांत माणसे जे एकमेकांना बोलत नाहीत ते वस्तूंच्या देवाणघेवाणीत, किंवा ती न होण्यात, उतरलेले असते. समीक्षा आणि चरित्र तक्ता भरून झाल्यावरच उघडावे, नाहीतर ओळी वाचण्याआधीच अर्थाचा रकाना भरला जातो.

मांजराच्या ओळीत 'मूल' हा शब्द ठेवला आहे, पण एकटा नाही. तिथे लिहिले आहे : मूल, घर, स्पर्श, आणि आपण मागितलेली गोष्ट कोणीतरी ऐकावी ही इच्छा. शेवटची इच्छा पुरी करणारा माणूस मालक आहे, नवरा नाही, हे 'कोणाकडून कोणाकडे' या रकान्यात आपोआप आले. वसंताची ओळ मात्र कोरीच राहिली, कारण तिच्यापुढचा एकही रकाना भरता येत नाही. ती तशीच छापायला दिली आहे.